बुट्टीखालचं पीठ

नील, तन्वी,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "छोटी आजी गेल्यावर पिठात पाय उमटला, हे खरं का?" तुमची आई मागून "आत्ता नको" म्हणाली आणि तुमच्या शाळेचा विषय निघाला. मी उत्तर दिलं नाही, कारण फोनवर देण्यासारखं ते नव्हतं. सुमनवहिनीने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने, ही गोष्ट नातेपुत्यापासून टेंभुर्णीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना सांगितली आहे. सांगितल्यागणिक तो पाय मोठा होतो आहे. आणखी महिन्याभरात त्याला जोडवीही येतील. म्हणून जे घडलं ते मी आत्ताच, नीट आठवतंय तोवर, लिहून काढते आहे.

पण तुम्हाला लिहायला बसलं की माझा आवाज वर्गातला होतो. इतकी वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवल्याचा तो परिणाम. कुमुदविषयी, माझ्या धाकट्या बहिणीविषयी, म्हणजेच तुमच्या छोट्या आजीविषयी, खरं बोलायचं तर मला कुमुदशीच बोलावं लागतं. तेव्हा पुढचं सगळं तिला लिहिलेलं आहे. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाचा. हळू वाचा, आणि अडलं तर आईला विचारा.

*

कुमुद,

त्या सकाळी मी नेहमीसारखी चहाच्या आधी तुझ्या खोलीत आले, पडदा सरकवला, तुझा डावा हात मांडीवर घेतला आणि बोटाला सुई टोचली. हात कोमट होता. रक्ताचा थेंब जरा उशिरा आला, पण आला. पट्टीने तो ओढून घेतला, यंत्राने थोडा विचार केला आणि आकडा दाखवला. कितीतरी दिवसांत इतका चांगला आकडा आला नव्हता. मी म्हणाले, "कुमुद, आज तुझी साखर शहाण्यासारखी वागते आहे बघ." तू काही बोलली नाहीस. मी बोटाला कापूस लावला, सुई तिच्या डब्यात टाकली, पट्टी तिच्या डब्यात टाकली, आणि मग तुझ्या तोंडाकडे पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, तू पहाटेच गेली होतीस.

मग तो आकडा कुणाचा होता? खोलीत माणसं जमली, फोन सुरू झाले, आणि माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं. उत्तर तुझ्याच आवाजात आठवलं. एकदा जेवताना (तू असलं सगळं जेवतानाच काढायचीस) तू सांगितलं होतंस की माणूस गेला तरी त्याचं यकृत थोडा वेळ काम करत राहतं. यकृतात ग्लायकोजेन साठवलेलं असतं, म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्या, झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत गेलेल्या. उपास पडला की यकृत त्यातली एकेक कडी सुटी करून रक्तात सोडतं. "आणि अक्का, मालक गेला हे त्याला सांगायला कुणी जात नाही. ते आपलं साखर सोडत बसतं."

"कुमुद, समोर आमटी आहे," मी म्हणाले होते.

"आमटीतही आहे," तू म्हणालीस.

मी तुझा हात परत पांघरुणाखाली ठेवला. तू गेलीस हे आत कुणाला तरी अजून कळलेलं नाही, असं मला वाटत राहिलं. माणसं तुला उचलायला आली तेव्हा त्यांना थांबवून हे सांगावं असंही एकदा वाटलं. पण मी काय सांगणार होते?

मी स्मशानात आले. वहिनी घरी थांबली. लाकडं रचली गेली आणि तुझी निळ्या काठाची सुती साडी वर दिसत होती. मला तेव्हा रडू येत नव्हतं, तुझा धडा आठवत होता. लाकूड म्हणजे सेल्युलोज. सूत म्हणजेही सेल्युलोज. दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. तू आयुष्यभर ज्या एका कड्याबद्दल बोललीस, त्या कड्याच्याच राशीवर, त्यातच गुंडाळलेली तू निजली होतीस. आग लागली तेव्हा मला क्षणभर करपलेल्या पाकाचा वास आला. शेजारी उभ्या असलेल्या कुणाला तो आला नाही. मी विचारलं होतं.

*

तू शाळेत विज्ञान शिकवायचीस, तेव्हा तुझ्या साखरेच्या तासाला मी एकदाच बसले होते. अधिकारी तपासणीला यायचे होते आणि तुला सरावासाठी मुलींना अनोळखी असा कुणीतरी चेहरा समोर हवा होता. तू मुलींना वर्गातून मैदानात आणलंस. प्रत्येक मुलगी म्हणजे एक ग्लुकोज. सहा कार्बन, त्यातले पाच आणि एक ऑक्सिजन मिळून षटकोनी कडं, आणि सहावा कार्बन कड्याबाहेर लोंबलेला. "तुमच्या वेणीसारखा," तू म्हणालीस, आणि सगळ्यांचे हात आपापल्या वेणीकडे गेले.

साखरेच्या घराण्यात एकट्या राहणाऱ्या असतात, दुकट्या असतात आणि खटल्याच्या घरातल्या असतात, असं तू सांगायचीस. ग्लुकोज एकटं, फळातलं फ्रुक्टोज एकटं. त्या दोघींनी हात धरले की आपली चहातली साखर. दुधातली साखर हीसुद्धा जोडीच, फक्त जोडीदारीण वेगळी. आणि हजारोंनी हात धरले की खटलं. मग तू मुलींना एका रांगेत हात धरायला लावलेस, सगळ्यांच्या वेण्या एकाच बाजूला. "हा स्टार्च. ज्वारीत हाच, बटाट्यात हाच. ही रांग सरळ राहत नाही, गोल जिन्यासारखी वळत जाते." मग एकाआड एक मुलगी उलटी फिरवलीस. एकीची वेणी इकडे, दुसरीची तिकडे. "आता हे सेल्युलोज. ही रांग ताठ उभी राहते. शेजारच्या रांगेला घट्ट धरते. याचं लाकूड होतं, कापूस होतो, कागद होतो. मुली त्याच. आपल्या पोटाला पहिली रांग सोडवता येते, दुसरी येत नाही."

हातमागवाल्यांच्या घरातली एक मुलगी पुढे आली. घरी तेलुगू, शाळेत मराठी. "बाई, आमच्यात सुताला गंजी, म्हंजी खळ, लावतात. मग सुतात बी स्टार्च की!"

सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. "बरोबर बोलली ती. आत उलटसुलट मुली, वरून सरळ मुलींचा लेप. अंगावरची साडी खळ घातलेली असली तर तुम्ही दोन्ही नेसून आला आहात."

त्या रात्रीपासून आपला वाद सुरू झाला आणि तो कधी संपला नाही. माझं म्हणणं असं की नुसत्या वळण्याने एवढा फरक पडणं अन्यायाचं आहे. तीच मुलगी, फक्त पाठ फिरवलेली, आणि एक अन्न तर दुसरी लाकूड. "गायीला कडबा पचतो तर आपल्याला का नाही?" मी विचारायची.

"गायीलाही पचत नाही. तिच्या पोटात राहणाऱ्या जंतूंना पचतो. गाय फक्त जागा देते."

"म्हणजे गायीच्या आत दुसरंच कुणीतरी जेवत असतं?"

"अक्का, सगळ्यांच्याच आत दुसरं कुणीतरी जेवत असतं."

असं बोलून तू खुशाल झोपायला जायचीस. मी जागी राहायची.

मुलं लहानपणी इथे आली होती तेव्हा तू स्वयंपाकघरात त्यांना भूत दाखवलंस. नीलला ते आठवत असेल. काचेच्या नळीतल्या पातळ खळीत आयोडीनचा थेंब टाकलास, खळ काळीनिळी झाली. स्टार्चच्या गोल जिन्यात आयोडीन शिरून बसलं की हा रंग येतो. मग नळी गरम पाण्यात धरलीस. निळा रंग विरत विरत गेला. पाणी स्वच्छ. "गेलं," तन्वी म्हणाली. तू नळी माठातल्या पाण्यात बुडवलीस आणि आम्ही बघत असताना तळापासून निळं परत वर चढत आलं. तन्वी माझ्या पदरात शिरली. तू तिला समजावलंस की जिना उष्णतेने सैल झाला, आयोडीन बाहेर पडलं, गार झाल्यावर परत आत गेलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मधे ते कुठे होतं?"

"तिथेच होतं. दिसत नव्हतं," तू म्हणालीस.

शास्त्र म्हणून हे वाक्य चोख आहे. संध्याकाळी घरात ते ऐकायला मात्र बरं वाटलं नाही.

*

आता पिठाचं. मुलांना ही पद्धत माहीत नसणार. घरात माणूस गेलं की जिथे प्राण गेला तिथे पीठ चाळून पातळ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर वेताची बुट्टी, म्हणजे टोपली, उपडी घालतात. ठरलेल्या सकाळी बुट्टी उचलायची आणि पिठावर कसली खूण उमटली आहे ते बघायचं. पक्ष्याची नखं दिसली तर पक्ष्याच्या जन्माला, पाऊल दिसलं तर माणसाच्या.

आई गेली तेव्हा आपण साखर पेठेतल्या दोन खोल्यांत राहत होतो. वहिनी घरात नवीनच आलेली, नातेपुत्याकडची. पीठ तिनेच चाळलं. बुट्टीखाली उंदीर शिरू नये म्हणून वर पाटा ठेवला. ज्या सकाळी सगळ्यांसमोर बुट्टी उचलायची, त्या सकाळी मला जाग आली तेव्हा तू आधीच तिथे होतीस, भिंतीकडे तोंड करून उकिडवी बसलेली. पाटा बाजूला, बुट्टी बाजूला, आणि तू तळहाताने पीठ सारखं करत होतीस. भाकरी थापावी तसं.

"काय होतं?" मी विचारलं.

"स्टार्च होता."

"कुमुद, खूण काय होती?"

"स्टार्च, अक्का. दुसरं काही नाही." तू उठलीस. तुझ्या बोटांना निळं लागलं होतं.

म्हणजे तू आयोडीनने तपासलं होतंस. मोठ्यांना कळलं तेव्हा काय गोंधळ झाला तुला आठवतंच. काकांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. सासूला आत्याबाई म्हणणारी वहिनी कोपऱ्यात बसून रडली, "आत्याबाईंची वाट पुसली वन्संनी." पुढे कितीदा तरी मी तुला विचारलं. कधी थट्टेत, कधी भांडणात, एकदा दवाखान्याच्या बाकावर तुझ्या तपासणीचे कागद येण्याची वाट बघताना. दर वेळी तेच उत्तर. स्टार्च होता. मी समजले की तुझ्या हट्टीपणाचा हा एक प्रकार.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तुझी साखर एकदम उतरली. कपाळावर घाम, डोळे उघडे पण बघत नव्हते. उशाशी ठेवलेल्या डब्यातलं ग्लुकोज पाण्यात कालवून मी चमच्याने तुझ्या ओठांत सोडत होते. अर्धा पेला गेल्यावर तू बोललीस, अगदी स्वच्छ, वर्गात बोलायचीस तशी.

"एक जागा निळी झाली नव्हती."

"कुठली जागा?"

"आईच्या पिठात. बाजूचं सगळं निळं झालं. मधे एक जागा तपकिरीच राहिली. मी परत थेंब टाकला. तपकिरीच."

मला अर्थ कळायला वेळ लागला नाही, तुझ्याच घरात राहून काही गोष्टी अंगात मुरल्या आहेत. तू मुलींना भाकरीचा घास चावत ठेवायला सांगायचीस, गिळू नका म्हणायचीस, आणि थोड्या वेळाने विचारायचीस, "आता कसा लागतो?" मुली तोंडातल्या तोंडात म्हणायच्या, "गोड." लाळ स्टार्चची साखळी तोडते आणि साखर करते. तुटलेल्या साखळीला आयोडीन ओळखत नाही. जिना नाही, तर बसणार कुठे? ते तपकिरीच राहतं.

"म्हणजे कुणीतरी ते तोंडाने..." मी म्हणाले.

"कच्च्या पिठाला लाळेने काही होत नाही एवढ्यात. शिजवलेलंच फुटतं," तू म्हणालीस. "आणि वर पाटा होता."

"मग?"

"मग काही नाही."

"चाखून का नाही पाहिलंस? वर्गातल्या मुलींना चाखायला लावतेस."

तू माझ्याकडे बघितलंस. तुला पूर्ण शुद्ध आली होती. "बोट तोंडापर्यंत नेलं होतं," तू म्हणालीस. "पुढे जाईना."

दुसऱ्या दिवशी तू मला खुर्चीत बसवलंस आणि वचन घेतलंस. "माझ्या मागे पीठ पसरू देऊ नकोस. एकदा तपासलं, उत्तर मिळालं नाही. दुसऱ्यांदा तपासायला मी नसेन." तुझा आवाज नेहमीचाच होता. पण मला कळलं की इतकी वर्षं तू एका तपकिरी डागाशेजारी राहिली होतीस. देव नाही, भूत नाही, पुढचा जन्म नाही असं छातीठोक सांगत होतीस आणि घरी येऊन त्या एका जागेपाशी थांबत होतीस. आपल्या आईच्या तोंडापाशी.

*

स्मशानातून आले तर तुझ्या खोलीत दिवा लागलेला होता आणि पलंग सरकवून मोकळ्या केलेल्या जागेवर बुट्टी उपडी घातलेली होती. वर वरवंटा.

"वहिनी, तिने नको म्हणून सांगितलं होतं."

"मला न्हाय सांगितलं." वहिनी दाराशी उभी होती, पदर खोचलेला. साठ वर्षं शहरात काढली तरी तिची बोली गावचीच आहे. "तुमाला सांगितलं आसंल, तर तुमी बगू नका. पर वन्सं, वाट तर दिसली पायजे की तिला. आंधारात कुटं जाईल ती? तिला तर चष्म्याबिगार भिंत दिसत न्हवती."

"चष्मा लावून पाठवायला हवा होता मग."

"मी लावत हुते. त्या उचलणाऱ्या पोरांनी काढला." वहिनी रडायला लागली आणि मीही. त्या दिवशी पहिल्यांदाच. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता काढू नका. सुरू केल्यालं मोडू न्हाय."

मी काढलं नाही. वचन मोडलं होतं ते मी नव्हे, पण राखायची ताकदही माझ्यात उरली नव्हती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तुला सांगितलंच पाहिजे, कारण त्यात तुझाच हात होता. मला घरातली प्रत्येक वस्तू तू शिकवलेल्या भाषेत दिसायला लागली. दाराची चौकट, खुर्ची, पडदा, पुस्तकं, सगळी उलटसुलट मुलींची रांग. न्हाणीघरात झुरळ मरून पडलं होतं. त्याची पाठही साखरेचीच, थोडा नायट्रोजन चिकटलेली. तू म्हणायचीस की माणसांचे रक्तगटसुद्धा तांबड्या पेशीवर टोकाला कोणती साखर टांगली आहे यावरून ठरतात, आणि गुणसूत्रांच्या कण्यातही एक साखर आहे, पाच कार्बनची. आपल्या दोघींचा रक्तगट एकच. म्हणजे तुझ्यात टोकाला जे टांगलेलं होतं ते माझ्यात अजून टांगलेलं आहे. हे एरवी मायेचं वाटलं असतं. तुझ्या रिकाम्या खोलीसमोर, दिव्याच्या उजेडात, मला माझेच हात दुसऱ्या कुणाचे वाटत होते. घरात तू सोडून सगळं तू शिकवलेलंच होतं. आणि बुट्टीखाली काय चाललं आहे ते दिसत नव्हतं. तिथेच होतं.

ठरलेल्या सकाळी मी वहिनीच्या आधी उठले. उजाडत होतं. तुझ्या फळीवरून आयोडीनची बाटली आणि ड्रॉपर घेतला. मला बघायचं नव्हतं, कुमुद. पण तू जे एकटीने पाहिलंस ते मी न पाहताच राहिले, तर ते फक्त तुझं उरणार होतं, आणि तू तर गेलीस.

वरवंटा काढला. बुट्टी उचलली.

पिठात मधोमध एक खळगा होता. वितीएवढा लांब, एका टोकाला रुंद, मधे निमुळता, दुसऱ्या टोकाला गोल. मी शब्द शोधत बसले नाही. तुझं पाऊल लहान होतं, चप्पल नेहमी मुलींच्या मापाची लागायची.

मी कडेच्या पिठावर थेंब टाकला. काळानिळा झाला. दुसऱ्या कडेला टाकला, तोही. मग हात लांब करून खळग्यात टाकला आणि वाट पाहिली. तपकिरी. पुन्हा टाकला. तपकिरी.

मला वाटलं होतं मी ओरडेन. तसं काही झालं नाही. खळग्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे थेंब पडला नव्हता तिथे, मी बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. तू तिथून पुढे गेली नव्हतीस. मी गेले.

गोड होतं.

"ग्वाड हाय न्हवं?" मागून आवाज आला.

मी ड्रॉपर खाली टाकला. वहिनी दारात उभी होती, केस मोकळे, हातात चहाचं भांडं.

"मी ठिवलंय ते," ती म्हणाली. "वन्संच्या उशाच्या डब्यातलं. चिमूटभर, मधी बोटाएवढं पीठ सारून. आमची आज्जी सांगायची, जाणाऱ्याला पयला घास ग्वाड लागला की ते मागं वळून बगत न्हाय. आन् वन्संला तर किती दिस ग्वाड खाऊ दिलं न्हाय आपण."

मी विचारलं, "आईच्या वेळी?"

"व्हय. तवा पिठीसाकर हुती. आत्याबाईंला लई आवडायची."

"हे तू कुमुदला कधी सांगितलंस?"

"कशाला सांगू?" ती खरोखर चकित झाली होती. "इचारलं आसतं तर सांगितलं आसतं की. कुणी इचारलंच न्हाय मला कदी."

पिठीसाखर होती, कुमुद. एवढंच होतं. दोन कड्यांची जोडी, चहात टाकतो ती. आयोडीनने तिला ओळखायचं काही कारणच नव्हतं. बोट जिभेला लागलं असतं तर तुला कळलं असतं, आणि जिभेला न लावताही कळलं असतं, फक्त कोपऱ्यात रडत बसलेल्या मुलीला एक प्रश्न विचारायचा होता. तू हजारो मुलींना प्रश्न विचारलेस. त्याच घरात वहिनीच्या हातची भाकरी दोन्ही वेळा खाल्लीस. पण वहिनीला तू पीठ पसरणारी समजत होतीस, आणि वहिनी तुला पीठ पुसणारी. दोघींनी त्यावर कधी शब्द काढला नाही. तुझ्यावर रागावू, की हसू, की ही बातमी घेऊन तुझ्यामागे धावत येऊ, हे मला त्या क्षणी समजत नव्हतं. अजूनही पुरतं समजत नाही. रोज चहा गाळताना मी तुला ते सांगते. तू "बरं" म्हणत नाहीस.

वहिनीने माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "का वो वन्सं? माझं काय चुकलं का?"

तिला सांगता आलं असतं. तिच्या चिमूटभर मायेने तुझं अख्खं आयुष्य एका कोपऱ्यात कसं अडकवून ठेवलं ते. मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि म्हणाले, "नाही. काही चुकलं नाही. छान केलंस." तू असतीस तर भांडली असतीस माझ्याशी. पण तूही तिला हेच म्हणाली असतीस, असं मला वाटतं. थोडी उशिरा.

मग आम्ही दोघी त्या पिठाकडे बघत उभ्या राहिलो.

"पाऊल छान काढलंस," मी म्हणाले.

"पाऊल?" वहिनी पुढे आली, वाकली. तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला. "मी कशाला पाऊल काढू? मी बोटाची चिमूट सोडली फकस्त. बुक्का लावतात एवढी."

मुंग्या असतील, मी तिला म्हणाले. ग्लुकोज म्हटल्यावर मुंग्या येणारच, इकडे तिकडे ओढणारच, पसरवणारच. ती मान हलवत ऐकत होती. मी जमिनीवर ओणवी होऊन भिंतीच्या कडा पाहिल्या, उंबरठ्याची फट पाहिली, पलंगाचे पाय पाहिले. मुंगी एकही दिसली नाही.

*

नील, तन्वी, घडलं ते इतकंच. ज्यांना पाय मोठा करून सांगायचा आहे त्यांना सांगू द्या. पिठाला मी हात फिरवला नाही. वहिनीने ते गोळा करून अंगणातल्या शेवग्याच्या मुळाशी घातलं. तुम्ही विचारलंत म्हणून तुम्हाला हे कळलं. आमच्यात कुणी कुणाला विचारत नव्हतं.

वहिनी आता माझ्याकडेच राहते. कुमुदच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं आहे आणि ते तिच्यापर्यंत पोचवता येत नाही. उरलेला अर्धा प्रश्न शिल्लक आहे, आणि तो आता माझ्याजवळ आहे.